गाईची चपाती

"दे सूनबाई, गोमातेचा डबा दे. उशीर झाला की ती रुसती माझ्यावर."

दिवेलागणीला अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन असे उभे राहिले की माझं मन भरून यायचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी तालमीत घुमलेला आणि पुढे जन्मभर मागावर उभा राहिलेला उंचापुरा माणूस. आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं खाणारं कुणी नाही, असा त्यांचा लौकिक होता. देवाधर्माचं नाव काढलं की मिशीतल्या मिशीत हसायचे. तेच अण्णा आता टोपी सारखी करून गाईच्या घासासाठी हात पुढे करत होते.

मी पितळी डब्यात तव्यावरची चपाती ठेवायचे, तिच्यावर तुपाची धार, वर गुळाचा खडा. डब्याला हळदकुंकवाचं बोट लावून तो त्यांच्या हातात द्यायचे आणि वाकून नमस्कार करायचे.

"नमस्कार मला का गाईला?"

"दोघांना."

"मग आशीर्वाद बी निम्मा-निम्मा घे," असं म्हणून ते पायताण सरकवत बाहेर पडायचे. अर्ध्या-पाऊण तासानं परत यायचे तेव्हा डबा लख्ख धुतलेला असायचा. "गाईचं उष्टं. तू कशाला हात लावतीस? नळाच्या चावीवर धुऊन आणलं." मी तो डबा देवघराच्या फळीवर पालथा घालायचे. वाटायचं, वीस वर्षं देवापुढे मागितलं ते आता पावलं.

त्याला आता खूप वर्षं झाली. पण दिवा लावला की उंबऱ्याकडे नजर जायची अजून थांबलेली नाही.

त्या श्रावणात यांचा कारखाना बंद होता. आमच्या इचलकरंजीत मागाच्या शेडलाच कारखाना म्हणतात. मालकांनी जुने माग काढून नवे बसवायला घेतले आणि महिनाभर दाराला कुलूप लागलं. हे तिथे जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचं काम यांचं. मागच नाहीत तर जॉबर तरी कशाला? महिना सरला की काम होतंच. पण तेवढा महिना पगाराविना काढायचा होता.

दिव्यांच्या अवसेला मी समया घासत बसले होते तेव्हा यांनी विषय काढला. "शालन, एक महिना हात आखडता घ्यायला लागंल."

"घेऊ की."

"दूध निम्मं. चहा सकाळचा एकदाच. गहू आणायचे न्हाईत, जोंधळा आहे घरात. भाजी आठवड्याच्या बाजारातली, नसंल तेव्हा पिठलं."

मी मान हलवत होते. हातातली चिंच समईवर फिरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, "देवाच्या नेमाला तेवढा हात लावायचा नाही."

मी आवाज चढवून कधी बोलत नाही. पण हळू बोलणाऱ्या माणसाचा हट्ट मोडायला फार अवघड असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. यांना कळत असावं. हे म्हणाले, "बरं. देवाचं आहे तसं चालू दे."

देवाचं म्हणजे काय काय होतं? सकाळ-संध्याकाळ तुपाची निरांजनं. सोमवार, शनिवार, एकादशीचा उपास, त्याला साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा. महादेवाला दुधाचा अभिषेक. आणि रोज गाईला घास. घरात पायलीभर गहू उरला होता, तो मी वेगळ्या डब्यात काढून ठेवला. गाईला शिळी भाकरी घालणाऱ्यांपैकी मी नव्हते. माझ्या गाईला ताजी चपाती, तूप-गूळ लावून.

अण्णा पानाला चुना लावत सगळं ऐकत होते. हसून यांना म्हणाले, "म्हंजे गाय चपाती खाणार आणि आपण भाकरी. दिग्या, पुढला जन्म मागून घ्यायचा तर गाईचाच घे. तो बी सूनबाईच्या गल्लीत."

वैजू, आमची मुलगी, तेव्हा सातवीत होती. ती खो-खो हसली. मी नाही हसले. देवाच्या गोष्टीवर कुणी हसलं की मला टोचायचं.

तीन-चार दिवसांनी रात्री पानं घेतली तर अण्णांनी ताट सरकवलं.

"माझं नको वाढूस."

"का हो अण्णा? बरं नाही का?"

"चांगला घोड्यासारखा हाय. म्हटलं, श्रावण हाय. तू एवढं करतीस, आपण निदान एकभुक्त धरावं. दुपारी एकदा जेवायचं, संपलं. असतंय न्हवं असं व्रत?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. याच माणसानं माझ्या उपासाला किती नावं ठेवली होती. "एकादशी अन् दुप्पट खाशी," असं म्हणत माझ्या खिचडीच्या पातेल्यात डोकवायचे. "सूनबाई, तुझा देव उपाशी माणसावर खूश असंल, तर दुष्काळात त्याची मज्जाच म्हणायची," असंही एकदा म्हणाले होते, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

"असतं की अण्णा," मी म्हटलं. "फार मोठं पुण्य असतं."

"मग झालं तर. आणि ते गाईचं बी माझ्याकडं दे. नुसतं उपाशी बसून पुण्य कितीसं मिळणार? तुझे गुडघे दुखत्यात, त्या पाण्याच्या टाकीपर्यंत तू कशाला हेलपाटा घालतीस?"

पारूआक्कांचा गोठा पाण्याच्या टाकीमागे होता. त्यांची तांबू गाय मला ओळखायची. लांबून पाहिलं की हंबरायची. ते सुख सोडायचं जिवावर आलं, पण सासऱ्यांच्या हातून गोसेवा घडतेय, त्यात आडवं यायला मी कोण? यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी यांच्याकडे. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, बापाचं मन पालटलेलं बघून लेकाला नवल वाटतंय.

हे सकाळी बाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर यायचे. "ओळखीच्या कारखान्यांतनं बसतो, कुणाचा माग अडला तर बघतो," एवढंच सांगायचे. रात्री पानावर बसले की अर्धी भाकरी परत ठेवायचे. "मालकांकडं चहा-खारी झाली. वैजूला दे." एकदा खांद्याला लावायला हळद-तेल मागितलं. म्हणाले, झोपेत अवघडला. मी तेल कोमट करून दिलं आणि पोथी वाचायला बसले.

अण्णांच्या एकभुक्ताची गोष्ट मी महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळात सांगितली. सांगायला नको होती, पण आनंद पोटात मावेना. गोदूताई आमच्या मंडळाच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "शालन, जन्मभर देवाला हसलेल्या सासऱ्याला व्रताला लावणं सोपं नाही गं. तुझ्या नेमाचं तेज आहे हे." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी पदर सारखा केला. खोटं कशाला बोलू, ते तेज मला त्या वेळी माझ्या अंगावर जाणवत होतं.

मग गोदूताईंनीच काढलं, शेवटच्या सोमवारी भजनानंतर अण्णांचा सत्कार करायचा. शाल-श्रीफळ. घरी येऊन सांगितलं तर अण्णा चक्क घाबरले.

"माझा? सत्कार? अगं, एक वेळ न जेवल्याबद्दल शाल घालत असतील, तर आपल्या गल्लीत किती शाली लागतील!"

"अण्णा, गंमत नको. बायका एवढ्या प्रेमानं म्हणतात."

"न्हाई सूनबाई. मला न्हाई जमायचं."

"माझ्यासाठी तरी या."

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तुझ्यासाठी व्हय? बरं. येतो."

शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी सकाळी मी पूजेला बेल आणायला निघाले होते. वाटेत पारूआक्का भेटल्या. डोक्यावर शेणाची पाटी नाही, हातात दुधाची किटली नाही. मोकळ्याच चालल्या होत्या.

"काय आक्का, आज रिकाम्या हातानं?"

"आता कसली गाय आन् कसली किटली वैनी! तांबूला हुपरीला लेकीकडं धाडली न्हवं का."

"कधी?"

"पंचमीच्या आदल्या दिशी. जावयानं टेम्पो आणला हुता. माझ्याच्यानं आता वैरण-पाणी हुईत न्हाई. तुमचं अण्णा हुतं की वो तितं. त्यांनीच हात लावून चढीवली गाडीत. सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

पंचमी होऊन किती दिवस झाले होते! मी बेल न घेताच घरी आले. देवघरापुढे बसले. पालथा घातलेला डबा समोर चमकत होता.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर माझा नेम मोडला. एवढे दिवस माझा गोग्रास गाईच्या तोंडी गेलाच नाही. दुसरं आलं ते त्याहून वाईट. मला वाटलं, अण्णा तो घास स्वतः खातात. मारे एकभुक्त म्हणून सांगायचं आणि टाकीमागं बसून तूप-गुळाची चपाती हाणायची, वर डबा धुऊन आणायचा, वर सत्कार घ्यायचा. अशा माणसासाठी मी चारचौघींत मान वर करून बोलले होते. राग आला की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, नुसते हात गार पडतात. त्या दिवशी दिवसभर गार होते.

संध्याकाळी मी रोजच्यासारखी चपाती केली. तूप घातलं. गूळ ठेवला.

"दे सूनबाई, गोमातेचा डबा दे."

मी दिला. नमस्कारही केला. अण्णा म्हणाले, "आज आशीर्वाद सगळाच घे, उद्या सत्कार हाय," आणि गेले. मी वैजूला दिव्याकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि पदर डोक्यावरून घेऊन त्यांच्या मागे निघाले. त्यांना उघडं पाडायचं, हे माझं ठरलेलं होतं.

अण्णा टाकीपाशी वळले. गोठ्याला कडी होती. तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पुढे ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. तिथे एक ट्रक लागलेला, सुताच्या गाठी उतरत होत्या. गोदामाच्या कडेला एक जुना दगडी कट्टा होता, त्यावर अण्णा बसले आणि डबा मांडीवर धरून वाट बघायला लागले. मी टाकीच्या खांबाआड उभी राहिले. चार पावलांवर.

गाठी उतरवणाऱ्या हमालांतला एक जण पाठीवरची गाठ टाकून कट्ट्याकडे आला. डोक्याला बांधलेलं फडकं सोडून त्यानं तोंड पुसलं. तेव्हा मी त्यांना ओळखलं. ते हे होते.

"ये. बस. गरम हाय अजून," अण्णा म्हणाले.

हे बसले. डाव्या खांद्याला सदरा फाटला होता, तिथे फडक्याची घडी ठेवलेली. डबा उघडून यांनी चपातीचे दोन तुकडे केले.

"आज निम्मी तुम्ही खावा अण्णा."

"येडा हायस का? माझं एकभुक्त हाय. उद्या शाल मिळायची हाय. खाल्ली तर तुझी बायको खांद्यावरनं काढून घेईल."

"रोज तेच सांगता."

"अरे, म्हाताऱ्याला लागतंय किती? गाठी कोण उचलतोय, तू का मी? खा गपगुमान. गूळ बी खा. ताकद येती."

हे खायला लागले. माझ्या घरात वीस वर्षं जेवणारा माणूस असा खाताना मी कधी पाहिला नव्हता. घास नीट चावतही नव्हते. अण्णा दुसरीकडे बघत बसले होते, रस्त्याकडे, जणू मुद्दामच.

"अण्णा, तिला सांगून टाकू या. लपवाछपवी नको वाटती."

"काय सांगणार? जॉबर दिगंबर गोदामात हमाली करतोय म्हणून? का तांबू हुपरीला गेली म्हणून?"

"दोन्ही."

"सांगितलंस की उद्यापासनं चपाती बंद. आणि ती चपाती बंद झाली की नेम मोडला म्हणून तुझी बायको दोन दिवस पाण्यावर काढणार. मला म्हाईत हाय तिची तऱ्हा." अण्णांनी डब्यात उरलेला गुळाचा चुरा यांच्या तळहातावर झाडला. "दिग्या, पोरगी या घरात आल्यापासनं तिनं कधी लुगडं मागितलं न्हाई, दागिना मागितला न्हाई. देवाचं तेवढं मागती. ते राहू दे तिच्याकडं. राहिलेत किती दिवस?"

"आणि गाय न्हाई म्हणून कळलं तर?"

"मग दुसरी गाय शोधू. मी काय मेलोय व्हय?"

दोघंही हसले. मग ट्रकवरून कुणीतरी हाक मारली, हे उठून गेले आणि वाकून पाठ पुढे केली. अण्णा डबा घेऊन सार्वजनिक चावीकडे वळले.

मी त्यांच्याआधी घरी पोचले. कशी पोचले ते आठवत नाही. अण्णा आले, लख्ख डबा पुढे केला. "गोमाता खूश हाय," म्हणाले. मी डबा घेतला. त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन पार तळव्यापर्यंत उतरलं होतं. ते रोज माझ्यापुढे हात पसरत होते आणि मला फक्त डबा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी भजन झालं. देवळात दाटी होती. अण्णांनी धुवट धोतर नेसलं होतं, वैजूनं त्यांच्या टोपीला कडक घडी घालून दिली होती. गोदूताईंनी शाल पांघरली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. शाल रुंद वाटत होती की अण्णा अरुंद झाले होते, कोण जाणे.

"आता शालननं दोन शब्द सांगावेत," गोदूताई म्हणाल्या. "सासऱ्यांना या वाटेला कसं लावलं ते. सगळ्याच घरांत असे सासरे आहेत बाई!"

हशा झाला. मला उभं राहावं लागलं. समोर नंदी, त्याच्यामागे पिंडीवर माझ्याच घरच्या दुधाची धार सकाळी पडलेली. तोंड उघडलं. "हे व्रत..." एवढंच आलं. पुढे जे होतं ते मी सांगायला निघाले होते, देवाशप्पथ सांगायला निघाले होते. पण अण्णांच्या मनगटावरून घसरलेलं घड्याळ दिसलं आणि मी पदर तोंडाशी धरला. बायकांना वाटलं, भक्तीनं गहिवरली. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला.

अण्णाच मदतीला आले. उठून म्हणाले, "तिला बोलायची सवय न्हाई. मीच सांगतो. वाटेला-बिटेला काय न्हाई बगा. आमच्या घरात महिनाभर ओढ हाय, हे गल्लीला म्हाईत हाय, लपवायचं काय त्यात? पण या माझ्या सुनेनं त्यात बी गाईचा घास चुकवला न्हाई. हिच्या दारात गाय बी उपाशी राहत न्हाई. आणखी काय सांगू?"

मनापासून म्हणाले. त्यात टोमणा असता तर मी तरले असते. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, किती विनयाची आहे.

घरी आल्यावर मी गव्हाच्या पिठाचा डबा काढला. तळाशी जे होतं ते सगळं परातीत झाडलं. वैजू विचारायला आली, "आई, आज सोमवार सोडायला काय?" मी म्हटलं, "चपाती. सगळ्यांना." फराळाला साबुदाणा भिजवलेला होता, तो तसाच राहू दिला. निरांजनाचं तूप त्या दिवशी वाटीत उरवलं आणि चपात्यांना लावलं. देवापुढे तेलाचा दिवा लावला.

दिवेलागण झाली. अण्णा उंबऱ्याशी आले. अंगावर अजून शाल होती.

"दे सूनबाई, गोमातेचा..."

मी डबा पुढे केला. तो जड होता. त्यांनी झाकण किलकिलं केलं आणि थांबले.

"चार हायत."

"हो."

"गाईला एकच लागती की."

"गाईला तीन." माझी नजर त्यांच्या पायताणावर होती, वर जाईना. "पाठीवर ओझं वाहून दमते ती. आणि तिच्याजवळ एक म्हातारा बैल बसलेला असतो, असं कळलं. एक त्याला."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. अण्णांनी झाकण परत दाबून बसवलं. मग म्हणाले, "त्या बैलाचं एकभुक्त हाय म्हणत्यात."

"त्याला सांगा, सुनेनं पारणं करायला सांगितलंय."

रोजचा नमस्कार करायला मी वाकले. नेहमी अण्णा विचारायचे, मला का गाईला. त्या दिवशी विचारलं नाही. डोक्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला, आणि ते गेले.

त्या रात्री हे आणि अण्णा एकत्रच परत आले. पुढे त्या गोष्टीवर आमच्या घरात कुणीच कधी बोललं नाही. अण्णांनी डबा माझ्या हातात दिला आणि हात-पाय धुवायला मोरीकडे गेले. मी झाकण उघडलं. आत तूप माखलेलं होतं, कडेला गुळाचे दोन कण आणि चपातीचा एक करपलेला पापुद्रा चिकटलेला.

त्या दिवशी डबा धुतलेला नव्हता.

तो मी धुतला.